दिवस भरत आले असताना झाडापाशी कसं बसावं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे. पोटात बाळ आहे, जीव थाऱ्यावर नाही, आणि देवघरापेक्षा झाडापाशी, पाण्यापाशी, आभाळाकडे पाहताना जास्त धीर येतो, असं वाचक लिहितात. हे बरोबर आहे का आणि ते नेमकं कसं करायचं, असं त्यांनी विचारलं आहे. प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मला तिसावा आठवडा आहे. घराजवळ पिंपळाचा जुना पार आहे. पहाटे तिथे बसलं की पोथी वाचण्यापेक्षा जास्त शांत वाटतं. सासूबाई म्हणतात, पोटुशी बाईने पिंपळाखाली जाऊ नये. शेजारच्या काकू म्हणतात, पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो, खुशाल जा. मला दोन्हीची भीती वाटते, आणि देव्हारा सोडून बाहेर बसते म्हणून अपराधीही वाटतं. — एक वाचक, वाई

अपराधी वाटायचं काहीच कारण नाही. तुळस अंगणात असते, वटपौर्णिमेला आपण वडाकडे जातो, नदीची ओटी भरतो. सह्याद्रीतल्या कित्येक देवरायांत देवाला छप्परसुद्धा नसतं, आणि ते बांधू नये असंच गावकरी मानतात. उघड्यावरची भक्ती ही आपल्याकडची जुनी वाट आहे.

काकूंचं म्हणणं मात्र चुकीचं आहे. उजेडाशिवाय कुठलंही झाड प्राणवायू तयार करत नाही, पिंपळही नाही. सासूबाईंच्या सांगण्यात भुताखेताचा भाग सोडला, तरी काळजीचा भाग खरा आहे. अंधारात पाराच्या भेगांत आणि मुळांच्या खोबणीत विंचू, साप असू शकतात, पावसाळ्यात जास्तच. म्हणून नीट उजाडल्यावर जा. बसण्याआधी जागा पाहून घ्या, वाळक्या पाल्यात हात घालू नका. चप्पल मागे पट्टा असलेली हवी. पोट पुढे आलं की अंगाचा तोल बदलतो, आणि अंगठ्याची चप्पल उंचसखल मुळांवर सटकते.

पार असा निवडा की बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतील. फार बुटका असेल तर पायऱ्यांची कड बरी. पाठीला खोडाचा आधार घ्यायचा असेल तर आधी मुंग्यांची रांग आहे का बघा. सोबत अर्धा लिटर पाणी आणि फोन ठेवा. उन्हाळ्यात आठच्या आत घरी या. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि उजाडल्यानंतरचे दोन तास त्याच्या जोराचे असतात. त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, उघड्या अंगाला डॉक्टरांना विचारून डास पळवणारं मलम लावा.

आता बसायचं कसं. वीस मिनिटं पुरेत. पहिली पाच मिनिटं काहीच करू नका, फक्त एकच फांदी निवडा आणि तिच्याकडे बघत राहा. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचीक असतो, त्यामुळे बाकी झाडं स्तब्ध असतानाही तो सळसळतो. फाल्गुन-चैत्रात गेलात तर कोवळी पानं तांबूस, चकचकीत आणि इतकी पातळ दिसतात की उन्हात त्यांच्या शिरा मोजता येतात. मग मनात चार अंक म्हणत श्वास आत घ्या आणि सहा अंक म्हणत बाहेर सोडा, असं दहा वेळा. श्वास रोखून धरायचा नाही. त्यानंतर नाम घ्यायचं तर नाम घ्या, नाहीतर पोटावर हात ठेवून बाळाशी आपल्या शब्दांत बोला.

इथे एक गंमत लक्षात येईल. चालत येईपर्यंत बाळ गप्प वाटतं आणि पारावर टेकलात की ढुशा सुरू होतात. चालताना त्याला झोके मिळतात, शिवाय तुमचंही लक्ष रस्त्याकडे असतं. बसल्यावर हालचाल जाणवायला लागते. तुम्ही सृष्टीकडे बघायला गेलात, आणि तिचा सगळ्यात जवळचा तुकडा तुमच्या पोटातून उत्तर देतो. या बैठकीतला सगळ्यात मोठा धीर आम्हाला हाच वाटतो.

प्रदक्षिणा घालायच्या असतील तर पाच किंवा सात, सपाट बाजूने. १०८ चा नवस असेल तर तो बाळ झाल्यावर फेडा. निर्जळी उपास मात्र करू नका. अंगातलं पाणी कमी झालं की चक्कर येते आणि पोट वरचेवर कडक व्हायला लागतं. उठताना आधी घोटे दहा वेळा वरखाली करा, मग कुशीकडे वळून हाताच्या आधाराने उठा. बसल्या बसल्या रक्त पायांत साचतं, आणि झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

नदीची ओटी भरायची असेल तर घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवर उतरू नका. कोरड्या पायरीवरून पाण्याला हात लावा, हळदकुंकू तिथेच वाहा, आणि खण-नारळ प्रवाहात न सोडता एखाद्या लेकुरवाळीच्या ओटीत घाला. नदीचाही मान राहतो आणि पाणीही स्वच्छ राहतं.

प्रश्न : माझ्या बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलं होतं. तीन अंडी होती. मला आठवा लागला त्याच आठवड्यात एका सकाळी अंडी नाहीशी झाली. तेव्हापासून मनात पाल चुकचुकतेय. हा काही शकुन तर नसेल? — एक वाचक, कोल्हापूर

नाही, हा शकुन नाही. हे आम्ही ठामपणे सांगतो. तुमच्या बाळाचा आणि त्या घरट्याचा काहीही संबंध नाही.

बुलबुलाचं घरटं बघितलंत ना? गवताच्या काड्या, बारीक मुळ्या, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली एक वाटी, तीही आपल्या हाताला लागेल इतक्या उंचीवर. कावळा, भारद्वाज, मांजर, सरडा, सगळ्यांची नजर तिच्यावर असते. दोन-तीन अंडी, जेमतेम दोन आठवडे उबवणं, आणि घरटं लुटलं गेलं तर त्याच हंगामात दुसरं बांधणं, अशीच त्या पाखराची रीत आहे. त्याची अंडी उघड्यावर असतात. तुमचं बाळ पाणमोटेत आहे, गर्भाशयाच्या जाड स्नायूंच्या आत, आणि वारेतून त्याला तुमच्याच रक्तातलं अन्न मिळतं आहे. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नका.

शकुनाचा फास असा की तो दोन्ही बाजूंनी आवळतो. पिल्लं उडाली असती तर तुम्हाला हायसं वाटलं असतं, आणि मग प्रत्येक पाखरावर तुमचा जीव टांगणीला लागला असता. निसर्गाकडे कौल लावायला जाऊ नका, सोबतीला जा. घरटं रिकामं असेल तर तसंच राहू द्या. पुन्हा आलेली जोडी कुंडी हलवलेली पाहून बिचकते. तिथे पाणी घालायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या. आणि मन खरंच धास्तावलं असेल तर घरट्याकडे बघत बसण्याऐवजी बाळाची हालचाल मोजा. कशी, ते पुढे चौथ्या उत्तरात दिलं आहे.

प्रश्न : वार खाली आहे म्हणून डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. सातव्या मजल्यावरचं घर, पश्चिमेची एक खिडकी आणि तुळशीची कुंडी, एवढंच माझं जग. बाहेर जाता येत नाही. मी काय करू? — एक वाचक, ठाणे

आधी वारेबद्दल थोडं. मधल्या महिन्यांत खाली दिसलेली वार गर्भाशय वाढत जातं तशी बऱ्याच जणींची वर सरकते, म्हणून पुन्हा सोनोग्राफी करतात. मात्र अंगावरून थोडंही रक्त गेलं, दुखत असो वा नसो, तर तडक दवाखाना गाठायचा. विश्रांती म्हणजे नेमकी किती, हेही डॉक्टरांना विचारा. पूर्ण पडून राहायचं आहे की घरात फिरलं तर चालेल, यात फार फरक आहे. पडून असताना दर तासाला घोटे गोल फिरवा, म्हणजे पायांत रक्त साकळत नाही. झोपताना कुशीवर झोपा. पाठीवर झोपलं की गर्भाशयाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर येतं.

पश्चिमेची खिडकी हे तुमचं भाग्य समजा. अमावास्या उलटली की संध्याकाळी बीजेची कोर तिथूनच दिसते. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने क्षितिजाच्या थोडं वर बघा, नखाएवढी रेघ असेल. पुढे रोज ती साधारण पन्नास मिनिटं उशिरा मावळते आणि रोज थोडी भरते. अष्टमी-नवमीपर्यंत रात्री निजायच्या वेळी ती तुमच्या खिडकीत असेल. पावसाळ्यात हे जमणार नाही. तेव्हा ढगांच्या वाटा बघा.

एका वहीत रोज चंद्राचा आकार काढा आणि खाली एक ओळ बाळासाठी लिहा. चंद्राचा एक महिना साडेएकोणतीस दिवसांचा. गर्भ राहिल्यापासून जन्मापर्यंत सरासरी २६६ दिवस धरतात, म्हणजे बरोबर नऊ चांद्रमास. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजतात, त्यामुळे आकडे वेगळे दिसतात. आपल्या आज्या ‘नऊ महिने’ म्हणत ते या मोजणीत अगदी चपखल बसतं. ठरलेल्या तारखेलाच जन्मणारी मुलं मात्र शंभरात चार-पाचच. तारीख उलटली म्हणजे काही बिनसलं असं नाही, पण त्यानंतर तपासणीची एकही वेळ चुकवू नका. पौर्णिमा-अमावास्येला बाळंतपणं जास्त होतात ही समजूतही खरी नाही.

दुसरं काम धान्य रुजवण्याचं. नवरात्रात घटाभोवती रुजवतो तसंच. मूठभर गहू आठ तास भिजवा. पसरट ताटात किंवा परडीत दोन बोटं माती घेऊन त्यावर गहू एकमेकांवर चढणार नाहीत असे पसरा आणि वर मातीचा पातळ थर द्या. दिवसातून दोनदा पाण्याचा हबका पुरे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरं टोक दिसतं, नवव्या दिवशी वीतभर नाही तरी बोटभर हिरवं रान उभं राहतं. फसतं ते जास्त पाण्याने. तळाशी पाणी साचलं की दाणे कुजतात आणि पांढरी बुरशी धरते, म्हणून ताटाला भोक हवं. माती मात्र दुसऱ्या कुणाकडून भरून घ्या. मांजराच्या विष्ठेतून मातीत येणारा टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू गर्भाला घातक ठरू शकतो. तुळशीच्या कुंडीत हात घालायचा तर हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा.

कबुतरांना दाणे टाकू नका. ठाण्या-मुंबईत सोबतीला तीच येतात हे खरं, पण त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुफ्फुसांचा आजार होतो. घारीकडे बघा त्याऐवजी. ऊन चढलं, जमिनीवरची हवा तापून वर उठली, की पंख न हलवता ती कितीतरी वेळ घिरट्या घालते.

प्रश्न : मागच्या वेळी पाचव्या महिन्यात बाळ गेलं. आता पुन्हा दिवस गेलेत, अठ्ठाविसावा आठवडा आहे. रोज खाडीकाठी फिरायला जाते, तिथे बरं वाटतं आणि लगेच राग येतो. ज्या निसर्गाने नेलं त्याच्यावर विश्वास कसा ठेवू? — एक वाचक, रत्नागिरी

विश्वास ठेवायलाच हवा असं नाही. राग घेऊनच खाडीवर जा. तिला तो झेपतो.

तुम्हाला कुणी म्हणालं असेल की आंब्याचा मोहोरही गळतो, सगळ्याची काही फळं होत नाहीत. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तुमचं बाळ म्हणजे मोहोर नव्हे, आणि ही उपमा आम्ही कुणाला देत नाही. खाडी तुम्हाला देते ते वेगळंच आहे. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. काहीही झालं तरी पाणी येतं आणि जातं. ती कशाची हमी देत नाही, ती फक्त तिथे असते. आजचा दिवस पार करायला एवढी सोबत पुष्कळ असते.

गेलेल्या बाळाचं नाव ठेवलं असेल तर ते काठावर मोठ्याने घ्या. नसेल तर ‘बाळा’ म्हणा. मग पोटातल्या बाळाशी बोला, आणि दोघांशी वेगवेगळं बोला. पुष्कळ जणी हे दुसरं बोलणं टाळतात, जीव लावला तर पुन्हा जाईल या भीतीने. जीव लावल्याने काही जात नाही आणि आवरल्याने काही वाचत नाही.

एक सल्ला तुम्हाला सगळे देतील, तो मानू नका. या बाळाच्या नावाने रोप लावायचं, असं सांगतील. रोपं मरतात. शेळी खाते, पाणी कमी पडतं, वाळवी लागते. आणि ते रोप सुकलं तर तुमच्या मनाचं काय होईल याचा विचार करा. झाड हवंच असेल तर दोन पिढ्या पाहिलेलं, गावचं, जुनं निवडा. रोप बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला लावता येईल.

आता हालचाल मोजणं. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून रोज एका ठरलेल्या वेळी, शक्यतो जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडा किंवा टेकून बसा. लाथ, ढुशी, वळणं, सगळं मोजा, उचकी सोडून. बहुतेकदा अर्ध्यापाऊण तासात दहा होतात. गर्भातलं बाळ वीस ते चाळीस मिनिटांच्या डुलक्या घेतं, म्हणून मध्ये शांतता आली तर घाबरू नका. दोन तासांत दहा झाले नाहीत, किंवा तुमच्या बाळाची नेहमीची चाल एकदम मंदावली, तर त्याच वेळी दवाखान्यात जा. सकाळची वाट बघू नका, गार पाणी पिऊन बघू, गोड खाऊन बघू असं करू नका. रक्त जाणं, पाणी जाणं, जोराचं डोकं दुखणं, नजर अंधूक होणं, चेहरा-हात अचानक सुजणं, ताप यांनाही हेच लागू. गाडी नसेल तर १०८ वर फोन करा. खाडीकाठी बसलेल्या असाल तर तिथूनच निघा. प्रार्थना रस्त्यातही होते.

दोन आठवडे बहुतेक दिवस रडू येत असेल, झोप उडाली असेल, खाडीवरही मन लागेनासं झालं असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. १४४१६ या टेली-मानसच्या (मन खचलेल्यांसाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या) क्रमांकावर फुकट आणि मराठीतून बोलता येतं. याने श्रद्धा उणी होत नाही.

प्रश्न : आम्ही टोरोंटोत राहतो. पत्नीला फेब्रुवारीअखेरची तारीख दिली आहे. सगळीकडे बर्फ, अंधार, ना तुळस ना पाखरू. तिला आधार कसा द्यावा? — एक वाचक

पाखरू आहे. काळ्या टोपीची चिकडी तिथे हिवाळाभर राहते, आणि फेब्रुवारीत तांबडा कार्डिनल भर थंडीत उंच फांदीवरून गायला लागतो. डिसेंबरच्या २१ तारखेच्या सुमाराला तुमच्याकडे दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, फेब्रुवारी संपताना अकरा तासांच्या वर जातो. भिंतीवर कागद लावून दर रविवारी सूर्य मावळायची वेळ लिहा. बाळ येईपर्यंत उजेड कसा वाढत गेला, ते तिला डोळ्यांनी दिसेल.

फिरायला दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, रोज वीस-तीस मिनिटं. चालताना तिला बोलता आलं पाहिजे, धाप लागली तर वेग कमी करा. बुटांना खिळ्यांची जाळी बांधा आणि पारदर्शक काळ्या बर्फावर जाऊच नका. शेवटच्या महिन्यात तिचा हात धरून चाला. तुळस दक्षिणेच्या खिडकीत वाढते, पण रात्री काचेपासून लांब सरकवा, नाहीतर गारठ्याने पानं काळी पडतात.

प्रश्न : ग्रहणात बाहेर गेले तर बाळाला व्यंग येतं का? पाखरांची गाणी पोटावर हेडफोन लावून ऐकवावीत का? — एक वाचक, जळगाव

ग्रहणाने ओठ दुभंगत नाही, बोटं जुळत नाहीत. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हा नियम सगळ्यांनाच आहे. त्या दिवशी उपाशी राहणं आणि गोळ्या चुकवणं हाच खरा धोका.

हेडफोन नकोत. साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून बाळ आवाजाला दाद देतं, पण पोटाच्या भिंतीतून उंच पट्टीचे आवाज फारसे आत जात नाहीत, खालच्या पट्टीचे जातात. दयाळाची शीळ त्याच्यापर्यंत धड पोचत नाही. ती ऐकून तुम्ही जे गुणगुणता ते मात्र पोचतं, कारण तो आवाज तुमच्या अंगातूनच त्याच्याकडे जातो. तेव्हा दयाळ तुम्ही ऐका आणि बाळासाठी तुम्ही गा.

प्रश्न : कळा सुरू झाल्यावर हा आधार बरोबर नेता येईल का? — एक वाचक, फोंडा

येईल, पण कुंडी, फुलं, माती प्रसूतिकक्षात नेऊ देत नाहीत, आणि तेच योग्य आहे. तुमच्या रोजच्या जागेचा आवाज न्या. आठव्या महिन्यातच सकाळी फोन विमान-मोडवर टाकून पारावर किंवा कठड्यावर वाऱ्याच्या आडोशाला ठेवा आणि वीस मिनिटं ध्वनिमुद्रण करा. हातात धरला तर बोटांचा खरखराट येतो. उघड्या वाऱ्यात ठेवला तर नुसती फरफर. रात्री झोपताना रोज तेच ऐकत चार-सहाच्या श्वासाचा सराव करा, म्हणजे आवाज आला की अंग आपोआप सैल पडायची सवय होते. आयत्या वेळी पहिल्यांदा लावलेलं रेकॉर्डिंग उपयोगी पडत नाही.

पहिलटकरणीने कळा दर पाच मिनिटांनी, प्रत्येकी मिनिटभर, अशा तासभर येत राहिल्या की निघावं. दवाखाना लांब असेल तर त्याआधीच. पाणी गेलं तर कळांची वाट बघायची नाही. इयरफोन एकाच कानात घाला, दुसऱ्या कानाला नर्सचं बोलणं ऐकू आलं पाहिजे. कळ चढताना डोळे मिटून ती फांदी आठवा, श्वास बाहेर सोडताना ‘हं’ असा लांब, खालच्या पट्टीतला आवाज काढा. घशातून किंचाळलं की खांदे आणि जबडा आवळतात आणि दम लवकर संपतो. फोन पूर्ण चार्ज करा, आणि सोबत येणाऱ्या बाईला फाईल कुठे आहे ते आधीच दाखवून ठेवा.